ॲमीटर म्हणजे व्होल्टमीटर नव्हे, आणि अल्टरनेटरचा मीटर तर मुळीच नव्हे

जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डवर वर्षानुवर्षं थिजलेला ॲमीटर, म्हणजे करंट मोजणारा मीटर, पुन्हा हलता करायचा म्हटलं, की दर वेळी तोच सल्ला कानावर येतो: व्होल्टमीटरसारखाच जोड, एक वायर लाइनला, एक बॉडीला. कृपा करून असं करू नका. ॲमीटरच्या आतला रोध जवळजवळ शून्य असतो. तो लाइन आणि बॉडीच्या मध्ये लावणं म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा टाकणं.

व्होल्टमीटर तुम्हाला माहीतच आहे. किल्ली फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून एक बारीक वायर, दुसरी बॉडीला. 12 व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना 12.6 च्या आसपास, चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. गाडी 24 व्होल्टची असेल तर आकडे दुप्पट. व्होल्टमीटर समांतर, ॲमीटर एकसर, हेही शाळेत झालेलं असतं.

पण एकसर म्हणजे नेमका कुठे? इथेच भले भले वायरिंगवाले घसरतात.

अल्टरनेटर किती करंट तयार करतो, हे ॲमीटर सांगत नाही. गाडी किती खाते, हेही नाही. तो बॅटरीच्या दारात बसलेला कारकून आहे: आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, एवढंच लिहितो. म्हणून तर त्याचं शून्य मधोमध असतं. आणि म्हणूनच मागचे दोन बोल्ट दिसायला जुळे असले तरी कुठलीही वायर कुठेही टाकून चालत नाही. एका बाजूला फक्त बॅटरी आणि तिला थेट जोडलेला सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर. दुसऱ्या बाजूला बाकी सगळं: अल्टरनेटरची जाड वायर, किल्ली, हेडलाइट, वायपर, आणि नंतर कुणीतरी घुसवलेला रेडिओसुद्धा. सेल्फला वगळायचं, कारण तो शेकडो अँपिअर ओढतो. 60 अँपिअरच्या मीटरचा त्यात निकाल लागेल. बॅटरीकडची वायर सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट सोडणाऱ्या विजेच्या स्विचवर) जिथे बॅटरीची केबल येते, तिथून घ्यावी आणि त्या टोकालाच फ्युजिबल लिंक, म्हणजे करंट फार झाला की वितळून तुटणारा वायरचा तुकडा, टाकावी.

आता हिशेब बघा. 60 वॉटचे दोन हेडलाइट 12 व्होल्टला 10 अँपिअर घेतात. इंजिन बंद, दिवे चालू: काटा उणे 10. इंजिन चालू झालं, अल्टरनेटर 25 देतोय, त्यातले 10 दिव्यांना गेले: काटा अधिक 15.

कुणी शहाण्याने नवा, मोठा अल्टरनेटर बसवून त्याची वायर सरळ बॅटरीवर नेली, की हा हिशेब बिघडतो. बॅटरी चार्ज होत असली तरी मीटरमधून जातो तो फक्त दिव्यांचा करंट, आणि काटा कायम उणे 10. मग लोक चांगला अल्टरनेटर उघडून बसतात. उलट चूक अशी की अल्टरनेटर जागेवर, पण दिवे थेट बॅटरीच्या टोकावरून घेतलेले. इंजिन चालू असताना मीटर अधिक 25 दाखवतो, प्रत्यक्षात बॅटरीला मिळतात 15. इंजिन बंद करून दिवे जळत राहिले तर काटा शून्यावर, आणि बॅटरी गुपचूप रिकामी होतेय. ही दुसरी चूक जास्त घातक, कारण ती तक्रारच करत नाही.

माझी एक जुनी चीड इथेच सांगून टाकतो. लांब पल्ला मारल्यावर काटा शून्याच्या किंचित पुढे स्थिरावला, की ‘चार्जिंग होत नाही’ म्हणून ओरडा सुरू होतो. अहो, बॅटरी भरली! तासन् तास काटा अधिक 20 वर राहिला, तर मात्र काळजी करा.

मीटर कुठला घ्यावा? मी शंटवाला घेईन, चर्चा नको. पूर्ण करंटच्या मीटरमध्ये बॅटरीची सगळी आवक-जावक डॅशबोर्डपर्यंत जाऊन परत येते. डायनामोच्या काळात ते खपून जायचं. अल्टरनेटर मोठा झाला तसे ते जोड तापू लागले. शंट म्हणजे ठरावीक रोधाची पट्टी, उदाहरणार्थ 60 अँपिअरला 75 मिलिव्होल्ट. ती बॉनेटखालीच राहते, आणि पट्टीच्या दोन टोकांवरून दोन बारीक वायरी, प्रत्येकीला छोटा फ्यूज लावून, आत येतात. शंट आणि मीटर एकाच मापाचे हवेत. गंमत म्हणजे आतला हा मीटर खरं तर मिलिव्होल्टमीटरच असतो, त्यामुळे घोळ घालणाऱ्यांना आणखी एक निमित्त. पण पट्टीची जागा तीच: अलीकडे बॅटरी, पलीकडे बाकी सगळं.

पूर्ण करंटचाच मीटर ठेवायचा हट्ट असेल तर वायर जाड, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) घट्ट, बोल्टवर रबरी टोप्या. चालत्या इंजिनात तो जोड सुटला तर अल्टरनेटरला बॅटरीचा आधार राहत नाही; व्होल्टेज उसळतं आणि बल्ब किंवा डायोड जातात.

हात घालण्याआधी बॅटरीची उणे केबल काढा. काम झाल्यावर ती परत लावा आणि इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. काटा अधिककडे गेला तर मीटरमागच्या दोन वायरी अदलाबदल करा. मग एकेक वस्तू चालू करत जा: पंखा, वायपर, धुक्याचे दिवे. जिने काटा हलत नाही, ती बॅटरीच्या बाजूला जोडली आहे. डॅशबोर्डचा इवलासा बल्ब सोडून द्या, त्याने 60 च्या मीटरला काही कळत नाही.