श्रमदानातून शाळाबांधणी

साधनांची वानवा असलेल्या वस्तीत, तिथल्या रहिवाशांच्या जोडीने, तरुणांच्या तुकडीने अंगमेहनत करून शाळेची इमारत बांधणे, वाढवणे किंवा दुरुस्त करणे म्हणजे श्रमदानातून शाळाबांधणी. महाविद्यालयांच्या सेवा योजना, युवक संघटना आणि स्वयंसेवी संस्था असे उपक्रम चालवतात. कामाचे तीन वाटेकरी असतात. वस्ती जागा देते आणि देखभालीची जबाबदारी घेते, गवंडी-सुतारांसारखे कारागीर प्रत्यक्ष बांधतात, आणि तरुण खोदाई, वाहतूक, कालवणे, पाणी मारणे अशी बिगारी कामे उचलतात. पहिले दोन वाटेकरी पक्के नसताना केवळ तरुणांच्या उत्साहावर सुरू केलेली कामे बहुधा जोत्यापाशी (जमिनीवरच्या चौथऱ्यापाशी) किंवा छपराच्या आधी अडतात.

पूर्वपीठिका

स्वयंसेवकांच्या श्रमशिबिरांची आधुनिक परंपरा १९२० पासून सांगितली जाते. स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी त्या वर्षी फ्रान्समध्ये व्हर्दनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात पुनर्बांधणीचे शिबिर भरवले. पहिल्या महायुद्धात समोरासमोर उभ्या ठाकलेल्या देशांतले लोक तिथे एकत्र राबले. त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना वाढली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल भारतातही पुनर्वसनाच्या कामासाठी आले होते. पुढे अनेक देशांनी तरुणांच्या सेवेला सरकारी चौकट दिली. भारतातील राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. नायजेरियाने १९७३ मध्ये पदवीधरांसाठी राष्ट्रीय युवा सेवा सुरू केली.

वस्तीच्या सहभागातून शाळा कशा उभ्या राहतात, हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या रोझेनवाल्ड शाळांवरून नीट कळते. कृष्णवर्णीय मुलांसाठीची ही योजना शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि उद्योगपती ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी आखली. १९१२ ते १९३२ या काळात तिच्यातून सुमारे ५,००० शाळा झाल्या. रोझेनवाल्ड यांचा निधी खर्चाचा एक हिस्साच देई. बाकीचा भार सार्वजनिक पैसा आणि वस्तीची वर्गणी, जमीन, लाकूड व मजुरी यांवर असे. कृष्णवर्णीय समाजाने उभी केलेली एकूण रक्कम रोझेनवाल्ड यांच्या वाट्यापेक्षा जास्त भरली. गावोगावी वीज नव्हती, म्हणून उजेडासाठी नकाशांत उंच खिडक्यांच्या रांगा पूर्व-पश्चिमेकडे ठेवल्या होत्या. अलीकडचे उदाहरण बुर्किना फासोमधल्या गांडो गावच्या प्राथमिक शाळेचे. त्याच गावात जन्मलेले वास्तुविशारद दिएबेदो फ्रान्सिस केरे यांनी ती २००१ मध्ये गावकऱ्यांच्या हातून बांधून घेतली. विटा स्थानिक मातीत थोडे सिमेंट मिसळून, दाबून केलेल्या. पत्रा छतापासून वर उचललेला, म्हणजे तापलेली हवा मधल्या फटीतून निघून जाते. या इमारतीला २००४ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

कुदळ मारण्याआधी

इमारतीआधी शिक्षकाचा प्रश्न सुटावा लागतो. पगार कोण देणार, किती वर्षे देणार आणि शाळेला मान्यता कोणाची, याचे लेखी उत्तर शिक्षण खात्याकडून किंवा चालक संस्थेकडून मिळेपर्यंत निधी गोळा करू नये. दुसरा कागद जागेचा. तोंडी दान मिळालेल्या जमिनीवर शाळा बांधली आणि मालकाच्या पश्चात वारसांनी हक्क सांगितला, हा वाद ठिकठिकाणी होतो. म्हणून दानपत्र किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा नोंदवून घ्यावा. पावसाळ्यात पाणी कुठवर चढते हे गावातल्या वृद्धांना विचारावे आणि जोते त्या खुणेच्या वर घ्यावे.

नवी खोली खरोखर लागते का, हेही तपासायला हवे. गळका पत्रा बदलणे, मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पाण्याची टाकी किंवा कुंपण यांनी हजेरीवर जास्त परिणाम होऊ शकतो, आणि अशी कामे तरुणांच्या एका शिबिराच्या आवाक्यातही असतात. नव्या इमारतीच्या फलकाचा मोह आयोजकांनी इथे आवरला पाहिजे. स्वच्छतागृहांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक २५ मुलींमागे एक, शिक्षिकांसाठी एक, आणि ५० मुलांमागे एक शौचालय व एक मुतारी असा आहे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून निदान ३० मीटर दूर ठेवावा.

कामाची वाटणी

गवंड्यामागे तीन-चार मदतनीस पुरतात. वीस जणांच्या तुकडीला पाच-सहा गवंडी लागतात. एकच गवंडी असेल तर सोळा-सतरा जण उभे राहतात, कंटाळतात आणि मग ज्याला हात लावू नये त्याला हात लावतात. सळईची बांधणी, शटरिंग (काँक्रीट ओतण्याचा साचा), छपराच्या कैच्या (पत्रा पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वीजजोडणी आणि भिंतीचे कोपरे ही कारागिरांचीच कामे. नवख्याने लावलेल्या विटांचे सांधे १० मिलिमीटरऐवजी दुप्पट जाड होतात, उभे सांधे एकावर एक येतात आणि ओळंबा सुटतो, म्हणजे भिंत कलते. अशी भिंत गवंड्याला दुसऱ्या दिवशी उतरवावी लागते, म्हणजे सिमेंटही गेले आणि मजुरीही दुप्पट. वीटकाम शिकायचे असेल तर ते कुंपणाच्या भिंतीवर, गवंड्याच्या नजरेखाली शिकावे. वर्गाच्या भिंतीवर सराव करू नये.

स्थानिक कारागिरांना पूर्ण मजुरी द्यावी. तरुण फुकट राबतात म्हणून गावातल्या बिगाऱ्यांचा रोजगार बुडत असेल, तर तो उपक्रम ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच पोटावर येतो. दूरदेशाहून येणाऱ्या तुकड्यांच्या बाबतीत तर प्रवासखर्च आणि गावातल्या कारागिरांची मजुरी यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडूनच निर्णय घ्यावा.

सात ते चौदा दिवसांच्या शिबिरात खोली पूर्ण होत नाही, आणि तशी घाईही करू नये. कारागिरांचे काम काही महिने चालते. जिथे खूप हात एकदम लागतात त्या टप्प्यांवर शिबिर बसवावे: पाया खोदणे, दगड-विटांची वाहतूक, भर घालून जोते ठोकणे, जमिनीचा कोबा, शेवटी रंगकाम. तुकडी पोहोचण्याच्या आदल्या दिवशी वाळू, खडी, सिमेंट आणि पाणी जागेवर असलेच पाहिजे. वाळूचा ट्रक तीन दिवस उशिरा आला तर निम्मे शिबिर वाया जाते.

एका खोलीचे गणित

आतून ६ × ८ मीटरची खोली घेऊ. ४८ चौरस मीटरमध्ये चाळीस मुलांना माणशी १.२ चौरस मीटर जागा मिळते. आखणीला हे माप सोयीचे आहे, कारण दोन्ही कर्ण बरोबर १० मीटर यायला हवेत. खुंट्या ठोकून दोरी ताणावी आणि दोन्ही कर्ण मोजावेत. फरक ५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर खुंटी सरकवावी. मगच फक्की (चुन्याची भुकटी) टाकून रेघा आखाव्यात. गुण्यातली (काटकोनातली) चूक इथे राहिली तर ती थेट छपराच्या पत्र्यापर्यंत जाते. समपातळी पाण्याच्या पारदर्शक नळीने घेता येते, पण नळीत बुडबुडा अडकला की माप चुकते; म्हणून आधी दोन्ही टोके शेजारी धरून पाण्याची रेघ एकसारखी येते का ते पाहावे.

पायाचा चर ७५ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल धरला, तर चारही भिंतींखाली मिळून सुमारे २० घनमीटर माती निघते. (नेमकी खोली माती पाहून अभियंता ठरवतो; काळ्या फुगणाऱ्या मातीत हे माप चालत नाही.) सवयीचा मजूर साध्या जमिनीत दिवसाला दोन-अडीच घनमीटर खणतो, नवख्याकडून एक घनमीटर झाले तरी पुष्कळ. वीस जणांना एकाच वेळी चरात उतरवता येत नाही, तेव्हा दोन-दोनच्या जोड्यांनी आळीपाळीने दोन दिवस धरावेत. निघालेली माती चराच्या काठापासून ६० सेंटिमीटर दूर टाकावी. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधार दिल्याशिवाय कोणी उतरू नये.

जमिनीचा १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीट थर ४.८ घनमीटर भरतो. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाला त्यासाठी ५० किलोची सुमारे ३० पोती सिमेंट लागते आणि तयार काँक्रीटचे वजन साडेअकरा टनांच्या आसपास होते. घमेले अर्धेच भरले, म्हणजे बारा किलोचे, तर साधारण साडेनऊशे घमेली हातोहात जायला हवीत. अर्धे घमेले ऐकायला संथ वाटते, पण भरलेली घमेली तासाभरात कंबर धरायला लावतात आणि साखळी तुटते. सगळी जमीन एकदम ओतण्याऐवजी ३ × ४ मीटरचे चार चौकोन करावेत आणि तिरक्या रेषेत समोरासमोर येणारे दोन आधी भरावेत. त्यामुळे आकुंचनाच्या तड्या सांध्यांपाशीच राहतात, आणि एका चौकोनाला साडेसात पोती हे प्रमाण तुकडीला झेपते.

माल का बिघडतो

सर्वांत मोठी चूक पाण्याची. काँक्रीट हाताने कालवताना फावडे जड लागू लागले की कोणीतरी न विचारता बादली रिकामी करतो. माल सैल होतो, भराभर पसरतो, सगळ्यांना बरे वाटते. सुकताना मात्र जादा पाणी उडून आत छिद्रे राहतात आणि जमिनीचा पृष्ठभाग पुढे धूळ सोडू लागतो. एका पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरते, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. खूण केलेली बादली ठेवावी आणि पाणी ओतण्याचा अधिकार एकाच माणसाला द्यावा.

दुसरी चूक मापाची. वाळू-खडी फावड्यांनी मोजली की प्रमाण माणसागणिक बदलते. आतून ४० × ३५ × २५ सेंटिमीटरची तळ नसलेली लाकडी पेटी ३५ लिटरची होते, म्हणजे जवळजवळ एका पोत्याएवढी. एक पोते सिमेंट, दोन पेट्या वाळू, चार पेट्या खडी. दमट वाळू मात्र फुगते. तिचे आकारमान पाव भागापर्यंत वाढू शकते, म्हणून पेटी तेवढी जादा भरावी लागते. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात वापरून संपवावा. थिजू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो मऊ करणे म्हणजे त्याची ताकद मारणे.

भाजक्या विटा लावण्याआधी बुडबुडे थांबेपर्यंत भिजवाव्यात, नाहीतर त्या मालातले पाणी शोषून घेतात आणि सांधा भुसभुशीत राहतो. एका दिवसात भिंत दीड मीटरपेक्षा उंच चढवू नये. भूकंपप्रवण भागात जोते, लिंटेल (दार-खिडक्यांच्या वरची तुळई) आणि छपराच्या पातळीवर सलग काँक्रीटचे पट्टे हवेत. कोपऱ्यात सळया काटकोनात वळवून पलीकडच्या भिंतीत पुरेशा लांब नेलेल्या आहेत का, हे ओतण्याआधी अभियंत्याने स्वतः पाहावे.

आणि मग पाणी मारणे. साध्या सिमेंटचे काँक्रीट निदान सात दिवस, मिश्र (राखेसारखे पदार्थ मिसळलेल्या) सिमेंटचे किंवा कोरड्या उन्हाळ्यातले निदान दहा दिवस सतत ओले राहिले पाहिजे. शिबिर उठते, निरोपाचे भाषण होते आणि दुसऱ्या दिवसापासून ओल्या गोणपाटांवर पाणी टाकायला कोणी नसते. चांगल्या मालाची बरीचशी माती इथे होते. म्हणून गावातल्या दोन माणसांना मजुरीवर नेमून, दिवसातून किती वेळा पाणी मारले याची वही ठेवावी.

सुरक्षितता आणि मुलांचे हित

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ व १९९९ च्या करारांनुसार धोकादायक कामाला किमान वय साधारणपणे १८ आहे; त्याखालच्या सदस्यांना परांचीवर, छपरावर, मिक्सरजवळ किंवा खोल चरात पाठवू नये. शाळकरी मुलांनाही ‘आपलीच शाळा’ म्हणून विटा वाहायला लावू नये. ओले सिमेंट त्वचा भाजते, आणि ते लगेच जाणवत नाही: बुटात गेलेला माल संध्याकाळपर्यंत तसाच राहिला तर घोट्याला खोल जखम होते. लांब रबरी बूट, हातमोजे आणि डोळे धुण्यासाठी स्वच्छ पाणी हवेच. धनुर्वाताची लस आधी घेतलेली असावी.

सेवकांपैकी कोणीही मुलांबरोबर एकटे थांबू नये. पालकांच्या संमतीशिवाय मुलांची छायाचित्रे काढू नयेत.

हस्तांतर

काम संपल्यावर नकाशा, सळ्यांच्या रेखाटनांच्या प्रती, उरलेले पत्रे व रंग आणि किल्ल्या शाळेच्या समितीकडे लेखी द्याव्यात. देखभालीचा निधी पहिल्याच वर्षी सुरू करावा. पहिल्या पावसाळ्याआधी पत्र्याचे हुक-बोल्ट आवळावेत, वॉशर चिरले असतील तर बदलावेत आणि पन्हळी साफ कराव्यात. पहिला पावसाळा सरला की कोपरे, खिडक्यांचे कोन आणि जोत्याभोवतीची जमीन पाहावी. जोत्यालगत पाणी साचून माती खचत असेल तर भोवती बाहेरच्या उताराचा, ६० ते ७५ सेंटिमीटर रुंदीचा फरशीचा पट्टा करून घ्यावा. हे दोन-तीन दिवसांचे काम आहे आणि पुढच्या वर्षीच्या शिबिराला ते सहज देता येते.