दहा रुपयांचं गांधी नाणं दाखवायला आणताय? मग घासू नका

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दुकान म्हटल्यावर रुमालाच्या गाठीत बांधलेलं नाणं काउंटरवर येतंच. पाठोपाठ प्रश्न: "1869 सालचं आहे, किती येतील?" दिवाळीच्या तोंडावर तेच उत्तर देऊन घसा बसतो, म्हणून यंदा छापूनच ठेवलंय.

1869-1948 ही गांधीजींच्या जन्माची आणि मृत्यूची सालं. नाणं निघालं ते जन्मशताब्दीला, 1969 मध्ये. ते साल नाण्यावर कुठेच नाही, त्यामुळे हा घोटाळा होतो. गांधीजींचीच छबी असलेले एक रुपया आणि पन्नास पैसेही तेव्हा निघाले, पण ते निकेलचे. घरीच चुंबक लावून बघा. चिकटलं तर निकेल, तुमची इथवरची खेप वाचली. नाही चिकटलं म्हणजे चांदीच, असं मात्र धरून चालू नका.

दहाचं अस्सल नाणं 15 ग्रॅमचं. त्यात 80 टक्के चांदी, म्हणजे निव्वळ 12 ग्रॅम. 1972 चं, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहाचं नाणं हातात चांगलं जड लागतं, 22.5 ग्रॅम भरतं. पण चांदी निम्मीच, 11.25 ग्रॅम. मोठं म्हणून जास्त मागणारी मंडळी इथं नाराज होतात. त्याला आमचा इलाज नाही. धनत्रयोदशीला सराफाकडून घेतलेला लक्ष्मीचा शिक्का तर चलनी नाणंच नव्हे. त्याला चांदीचा भाव मिळेल, बाकी काही नाही.

आता खरं दुखणं. दुकानात न्यायचं म्हणून आदल्या रात्री नाणं घासलं जातं. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्याची पावडर, जे हाताला लागेल त्यानं. काकू कौतुकानं सांगतात, "बघा कसं लख्ख केलंय!" आणि आम्हाला गप्प बसावं लागतं. चांदीवरचा काळपटपणा ही घाण नव्हे, हवेतल्या गंधकामुळे वर्षानुवर्षं धरलेला तो थर आहे. जुनी नाणी बघणारा माणूस आधी तोच बघतो. घासलं की त्याच्यासोबत टांकसाळीतून आलेलं मूळचं तेज जातं आणि बारीक ओरखडे उरतात. ते परत आणायचा उपाय कोणाकडेच नाही.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. किंमत ज्यावर ठरते ती टांकसाळीची खूण सालाखाली बारीकशी असते. मुंबईच्या नाण्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठिपका, कलकत्त्याच्या नाण्यावर काहीच नाही. मुंबईची नाणी लाखांनी निघाली, कलकत्त्याची त्यामानानं फारच थोडी. दर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावून, मग घासून देव्हाऱ्यात ठेवलेल्या नाण्यावरची खूण पन्नास वर्षांत पुसट होते. मग गिऱ्हाईक म्हणतं, "खूण नाही, म्हणजे कलकत्ता!" आणि भिंगाखाली बघावं तर तिथं खरवडलेला मुंबईचा ठिपका. न घासलेल्या नाण्याचा निकाल दोन मिनिटांत लागतो. घासलेल्याला अर्धा तास जातो, कारण ओतीव नकलासुद्धा अशाच चकचकीत दिसतात.

तो अर्धा तास काय करता, असं लोक विचारतात. वजन, व्यास, काठावरच्या रेघा बघतो. मग दोऱ्यानं पाण्यात सोडून वजन घेतो. अस्सल 15 ग्रॅमचं नाणं साधारण 1.48 ग्रॅम पाणी सारतं. तांबं-निकेलचं तेवढ्याच वजनाचं केलं तर 1.68 च्या आसपास. हे सगळं तुमच्यासमोर, काटा तुमच्याकडे वळवून. याचे आम्ही शंभर रुपये घेतो. नाणं आम्हाला विकलंत किंवा आमच्याकडून काही घेतलंत तर ते वळते करतो. ज्यांना जास्त वाटतात त्यांनी नाणं तसंच काळं आणावं, दोन मिनिटांच्या कामाचं आम्ही काही घेत नाही.

फोटोवरून किंमत सांगत नाही. फोटोत वजन दिसत नाही, आणि मोबाइलवर लाखांचे आकडे ऐकून आलेल्या माणसाची समजूत फोनवर घालता येत नाही. साध्या, घासलेल्या गांधी नाण्याला त्या दिवसाच्या गुजरीतल्या भावानं 12 ग्रॅम चांदीचे पैसे आणि वर थोडं, एवढंच मिळेल. न वापरलेलं, काठ शाबूत, मूळचं तेज असलेलं असेल तर बोलणं वेगळं. कोणी आटणीत टाकायला सांगितलं तर ऐकू नका, चलनी नाणं वितळवायला 2011 च्या नाणे कायद्यानं बंदी आहे.

घरी ठेवायचं असेल तर मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. कडक पारदर्शक डब्या आमच्याकडे मिळतात, 34 आणि 39 मिलिमीटरच्या. बाजारात इतरत्रही मिळतील. पूजेला ठेवणारच असाल तर डबीसकट ठेवा, हळदकुंकू वरून वाहा. आणताना मऊ सुती कापडात, काठाला धरून आणा. तपासणी संध्याकाळी चारनंतर, सोमवारी काटा बंद असतो.