सिक्वेन्सिंग आणि मॉड्युलेशन: हार्डवेअर सॅम्पलरमागचा इतिहास

हार्डवेअर सॅम्पलर, म्हणजे ध्वनी मुद्रित करून हवा तसा वाजवणारे स्वतंत्र यंत्र, नव्याने शिकणाऱ्याला ध्वनी मुद्रित करणे, तो कापणे आणि पॅडवर (बोटाने वाजवायच्या चौकटीवर) बसवणे फारसे जड जात नाही. अडखळायला होते ते त्यापुढे, म्हणजे क्रमातील प्रत्येक स्टेपला, म्हणजे पायरीला, वेगळे मूल्य देणारे पॅरामीटर लॉक, अटीवर वाजणारे ट्रिग (ध्वनी वाजवण्याच्या खुणा), एकापेक्षा अधिक एलएफओ (संथ लाटा निर्माण करणारे भाग) आणि कशाचा परिणाम कशावर व्हावा हे ठरवणारे मॉड्युलेशन मॅट्रिक्स यांच्याशी गाठ पडते तेव्हा. बहुतेक मार्गदर्शिकांत सिक्वेन्सिंगचे, म्हणजे ध्वनींचा क्रम लावण्याचे, प्रकरण वेगळे आणि मॉड्युलेशनचे, म्हणजे ध्वनी काळानुसार बदलत ठेवण्याचे, वेगळे असते, त्यामुळे ही दोन स्वतंत्र शास्त्रे आहेत असा समज होतो. इतिहास पाहिला तर ही दोन्ही कामे आरंभी एकाच यंत्रणेची होती, मधल्या काळात मेमरी, खर्च आणि जोडणीच्या मर्यादांमुळे ती वेगळी पडली आणि गेल्या पंचवीसएक वर्षांत पुन्हा एकत्र आली, असे दिसते. आजच्या यंत्रावरील कित्येक बटणांचा अर्थ ह्या प्रवासाशिवाय नीट लागत नाही, असे माझे मत आहे.

मुद्रित ध्वनी हीच संगीताची सामग्री मानण्याची सुरुवात साधारणतः पॅरिसमधील पिएर शेफेर यांच्यापासून धरली जाते. १९४८ मध्ये त्यांनी रेडिओच्या स्टुडिओत तबकड्यांवर काम केले आणि तबकडीची खाच स्वतःशीच जोडून एकच तुकडा पुनःपुन्हा वाजवला, म्हणजे आज ज्याला आपण लूप म्हणतो तेच केले. पुढे चुंबकीय फीत हाती आल्यावर ध्वनींचा क्रम लावणे हे शब्दशः कात्रीचे काम झाले. सेकंदाला सुमारे ३८ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या फितीवर मिनिटाला १२० ठोक्यांची लय हवी असेल, तर एका ठोक्यासाठी १९ सेंटिमीटर फीत मोजून कापावी लागे आणि ठोक्याचा चौथा भाग हवा असेल तर पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास. स्वर वर-खाली करायचा तर फितीचा वेग बदलायचा, आणि तो बदलला की लांबीही बदलायची. एका गोष्टीला हात लावला की दुसरीही हलणार, हा सॅम्पलिंगचा स्वभाव तेव्हापासूनचा आहे. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या मेलोट्रॉनने प्रत्येक पट्टीखाली सुमारे आठ सेकंदांची फीत ठेवून मुद्रित ध्वनी कीबोर्डवर आणला खरा, पण त्यात क्रमाची किंवा मॉड्युलेशनची म्हणावी अशी सोय नव्हती.

खरा पाया घातला गेला तो १९६३-६४ च्या सुमारास, अमेरिकेच्या दोन टोकांना. सॅन फ्रान्सिस्कोच्या टेप म्युझिक सेंटरमधील संगीतकारांसाठी डॉन बुक्ला यांनी आणि न्यू यॉर्क राज्यात रॉबर्ट मूग यांनी व्होल्टेजने नियंत्रित होणारी मॉड्युले, म्हणजे ध्वनी घडवणारे आणि तारांनी एकमेकांना जोडता येणारे सुटे भाग, तयार केली. बुक्लांचा सिक्वेन्सर फीत कापण्याचा खटाटोप टाळण्यासाठीच जन्मला होता. मूग यांच्या ९६० क्रमांकाच्या सिक्वेन्सरमध्ये आठ-आठ नॉबच्या तीन ओळी होत्या. घड्याळाचा स्पंद आला की यंत्र पुढच्या नॉबवर सरकायचे आणि तिथे लावलेले व्होल्टेज बाहेर द्यायचे. हे व्होल्टेज स्वराचे आहे की आणखी कशाचे, याचे सिक्वेन्सरला काहीही देणेघेणे नव्हते. तीच तार ऑसिलेटरला, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या भागाला, लावली तर सूर बदलत, फिल्टरला लावली तर नाद उजळ किंवा मंद होत जाई, दुसऱ्या घड्याळाच्या वेगाला लावली तर लयच डगमगू लागे. एलएफओ म्हणजे ऐकू येणाऱ्या कंप्रतेच्या खाली, संथ गतीने फिरणारे ऑसिलेटर. त्याचे व्होल्टेजही त्याच जातीचे असल्यामुळे दोघांची जागा अदलाबदल करता येत होती. सिक्वेन्सर हा त्या काळी मॉड्युलेशनचाच एक स्रोत होता. १९६९ मध्ये लंडनच्या ईएमएस कंपनीने व्हीसीएस ३ ह्या सिंथेसायझरमध्ये तारांऐवजी सोळा बाय सोळा छिद्रांचा फलक दिला, ज्यात आडव्या ओळीतील स्रोत आणि उभ्या ओळीतील लक्ष्य यांच्या छेदावर एक खुंटी रोवली की जोडणी व्हायची. आजच्या सॅम्पलरच्या पडद्यावर मॉड्युलेशन मॅट्रिक्स म्हणून जो तक्ता उघडतो, त्याचा पूर्वज हाच.

अंकीय सिक्वेन्सर आले तसे हे एकत्रपण सुटू लागले. १९७७ च्या रोलँड एमसी-८ ह्या सिक्वेन्सरमध्ये प्रत्येक स्वरासाठी त्याची उंची, पुढच्या स्वरापर्यंतचा काळ आणि स्वर धरून ठेवण्याचा काळ असे आकडे बोटांनी टंकावे लागत. यात अचूकता प्रचंड होती, मात्र विचाराचे एकक व्होल्टेजवरून स्वराकडे सरकले. १९८० च्या टीआर-८०८ ह्या ड्रम मशीनने, म्हणजे ताल वाजवणाऱ्या यंत्राने, सोळा बटणांची ओळ लोकप्रिय केली आणि तिथे एका बटणाला एकच प्रश्न उरला की ह्या जागी ठोका आहे की नाही. त्याच वर्षी रॉजर लिन यांचे एलएम-१ आले. खऱ्या वाद्यांचे मुद्रित ध्वनी वाजवणारे ते पहिले ड्रम मशीन होते, आणि वाजवलेला ठोका जवळच्या जागी ओढून बसवणारे क्वांटाइझ व ठोक्यांना झुलती चाल देणारे स्विंग हेही त्यात होते.

स्विंगविषयी पुष्कळ गूढ बोलले जाते, म्हणून ते जवळून पाहणे योग्य ठरेल. मिनिटाला १२० ठोके असतील तर एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद आणि त्याच्या चौथ्या भागाला १२५ मिलिसेकंद मिळतात. असे दोन भाग मिळून २५० मिलिसेकंदांची एक जोडी होते. स्विंग ५० टक्के असेल तर दुसरा भाग बरोबर मध्यावर, म्हणजे १२५ मिलिसेकंदांवर पडतो. ६० टक्के केले की तो १५० वर जातो आणि ६६ टक्क्यांच्या आसपास तिहाईच्या विभागणीला भिडतो. जोडीतील पहिला भाग कधीच हलत नाही. यंत्र ठोक्याचे ९६ सूक्ष्म भाग पाडत असेल तर एक भाग साधारण ५.२ मिलिसेकंदांचा होतो, त्यामुळे ५४ आणि ५६ टक्क्यांत प्रत्यक्षात जेमतेम एका भागाचा फरक पडतो. तो कानाला कळतो, हे वाजवणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

सॅम्पलरचा जन्म ह्याच सुमाराला झाला. सिडनीत पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी १९७९ मध्ये फेअरलाइट सीएमआय बाजारात आणले. खऱ्या वाद्यांचे नाद गणिताने घडवणे फारच अवघड जात असल्यामुळे त्यांनी खरा ध्वनीच मेमरीत भरण्याचा मार्ग धरला होता. १९८२ च्या दुसऱ्या आवृत्तीत पडद्यावर आठ पट्ट्या दाखवणारे ‘पेज आर’ आले आणि सॅम्पल व क्रम एका जागी दिसू लागले. १९८१ च्या ई-म्यू इम्युलेटरचा धडा मात्र मला अधिक बोलका वाटतो. त्याच्या आरंभीच्या नगांत आवाजाचा चढ-उतार घडवणारे एन्व्हलप नव्हते, त्यामुळे पट्टी सोडली की ध्वनी तुटल्यासारखा थांबायचा. पुढच्या वर्षीच्या सुधारित यंत्रात एन्व्हलप आणि साधा सिक्वेन्सर दोन्ही आले. नुसते मुद्रण हे वाद्य होत नाही, त्याला काळानुसार बदलणारे काहीतरी जोडावे लागते, हे निर्मात्यांना वर्षभरातच उमगले होते.

१९८३ मध्ये मिडी आले. सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने घडलेल्या ह्या मानकाने वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली, आणि त्याबरोबरच सिक्वेन्सर एका पेटीत व ध्वनी दुसऱ्या पेटीत ही विभागणी पक्की झाली. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतका आहे, म्हणजे स्वर वाजवण्याच्या एका संदेशाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. दहा ध्वनी एकाच क्षणी हवे असतील तर शेवटचा काही मिलिसेकंद मागे पडतो. स्वरांपुरते हे चालून जाते, पण प्रत्येक ठोक्याबरोबर पाच-सहा पॅरामीटर बदलायचे म्हटले की तार तुंबते. त्यामुळे १९८८ च्या अकाई एस१००० सारख्या सॅम्पलरमध्ये १६ बिटांचा स्वच्छ ध्वनी, फिल्टर, एन्व्हलप आणि एलएफओ होते, पण सिक्वेन्सर नव्हता. त्याच वर्षीच्या, रॉजर लिन यांनी रचलेल्या एमपीसी ६० मध्ये ठोक्याचे ९६ भाग करणारा उत्तम सिक्वेन्सर आणि सोळा पॅड होते, पण एस१००० सारखी ध्वनी घडवण्याची सामग्री नव्हती. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या ह्या दोन यंत्रांत ती फाळणी डोळ्यांनी दिसते. १९८७ च्या एसपी-१२०० ह्या सॅम्पलरमध्ये मेमरी फक्त दहा सेकंदांची होती, म्हणून वापरणारे तबकडी ३३ ऐवजी ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवून मुद्रित करत आणि मग यंत्रात स्वर खाली आणत. त्यातून येणारा खरखरीत नाद पुढे हवाहवासा ठरला.

एमपीसीत एक छोटी सोय मात्र होती, जिच्याकडे इतिहास लिहिताना सहसा दुर्लक्ष होते. पॅड वाजवताना शेजारची पट्टी सरकवली तर त्या ठोक्याची उंची किंवा ऱ्हास (नाद विरण्याचा वेळ) त्या ठोक्यापुरता बदलून नोंदला जायचा. दुसरीकडे, अमिगा संगणकावर १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की यांनी लिहिलेल्या अल्टिमेट साउंडट्रॅकर ह्या सॉफ्टवेअरने हीच कल्पना पूर्णत्वाकडे नेली. वरून खाली सरकणाऱ्या त्या यादीत प्रत्येक ओळीत स्वर, सॅम्पल आणि एक आज्ञा अशा नोंदी असत. पुढच्या ट्रॅकरांत, म्हणजे ह्याच धर्तीच्या सॉफ्टवेअरांत, ९ ने सुरू होणारी आज्ञा सॅम्पल मधूनच सुरू करायला सांगे. ९०८ लिहिले की आठ गुणिले २५६, म्हणजे आरंभीचे २,०४८ नमुने (ध्वनीची सूक्ष्म मोजमापे) वगळून ध्वनी वाजायचा. एकच ड्रमचा तुकडा ओळीगणिक वेगळ्या जागेपासून वाजवून नवा ठेका बांधण्याची युक्ती ह्या आज्ञेवर उभी होती. मॉड्युलेशन पुन्हा क्रमाच्या आत आले ते असे, आणि तेही महागड्या स्टुडिओत नव्हे तर घरगुती संगणकावर.

हार्डवेअरमध्ये ती गोष्ट ठामपणे आणली स्वीडनच्या इलेक्ट्रॉनने. २००१ च्या मशीनड्रममध्ये एखाद्या स्टेपचे बटण दाबून धरायचे आणि कोणताही नॉब फिरवायचा, की ते मूल्य फक्त त्या स्टेपपुरते बांधले जायचे. ह्याला पॅरामीटर लॉक म्हणतात, आणि मूगच्या तीन ओळींचाच हा विस्तार आहे, फक्त ओळी आता हव्या तितक्या. २०१० मध्ये जाहीर झालेल्या ऑक्टाट्रॅकने हे सॅम्पलरला लावले. समजा दोन मात्रांचा एक तुकडा सोळा भागांत कापला आहे. पाचव्या स्टेपवर अकराव्या भागाचा लॉक, तेराव्यावर फिल्टर अर्धा मिटलेला, सोळाव्यावर तोच भाग उलटा, एवढ्या तीन लॉकांत मूळ ठेका ओळखू येईनासा होतो. ऑक्टाट्रॅकच्या प्रत्येक ट्रॅकला तीन एलएफओ आहेत आणि एलएफओचा आकार सोळा पायऱ्यांत स्वतः काढण्याची सोयही आहे. असा एलएफओ म्हणजे दुसऱ्या नावाचा सिक्वेन्सरच होय.

पुनरावृत्ती मोडण्याच्या तंत्रांचा उगम वेगळ्या दिशेने आला. न्यूट्रॉन निर्माण करणाऱ्या यंत्रात स्पंद शक्य तितके समान अंतरावर वाटण्यासाठी एरिक ब्योर्कलंड यांनी एक रीत मांडली होती. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील गॉडफ्रीड तूसां यांनी २००५ मध्ये दाखवले की युक्लिडच्या प्राचीन गणनपद्धतीशी मिळतीजुळती हीच रीत जगभरातील अनेक पारंपरिक ठेके निर्माण करते. आठ जागांत तीन ठोके वाटले की अंतरे तीन, तीन, दोन अशी पडतात, आणि हा आकृतिबंध कॅरिबियन संगीतापासून कितीतरी ठिकाणी आढळतो. पुढे ‘युक्लिडियन’ ही सोय अनेक सिक्वेन्सरांत आली. अटीवर वाजणारे ट्रिग त्याहून सोपे आहेत. ‘१:४’ म्हणजे चार फेऱ्यांतून पहिल्या फेरीत वाज, ‘५० टक्के’ म्हणजे नाणेफेक. त्यांच्या जोडीला ट्रॅकच्या लांबी वेगळ्या ठेवण्याची युक्ती येते. एक ट्रॅक सोळा स्टेपचा आणि दुसरा पंधराचा असेल तर दोघे पुन्हा एकत्र आरंभाला यायला २४० स्टेप लागतात. सोळा स्टेपच्या पॅटर्नवर बारा स्टेपचा एलएफओ लावला तर ४८ स्टेपनी. शिकणाऱ्याने हे गणित कागदावर एकदा तरी करावे, कारण यंत्र आपोआप बदलते आहे असे जे वाटते त्यातला बराच भाग हा फक्त लघुत्तम सामाईक विभाज्याचा असतो.

एलएफओच्या ‘होल्ड’ ह्या प्रकारात लाट अखंड फिरत राहते, पण तिचे मूल्य ट्रिग येईल त्या क्षणीच वाचले जाते आणि पुढच्या ट्रिगपर्यंत गोठते. मॉड्युलर यंत्रांतील सॅम्पल-अँड-होल्ड मॉड्युल हेच करत असे. संथ लाट सॅम्पलच्या आरंभबिंदूला लावून होल्ड निवडला तर प्रत्येक ठोका ध्वनीच्या थोड्या पुढच्या जागेपासून सुरू होतो आणि मध्ये कुठेही घसरल्याचा आवाज येत नाही.

एक जुनी मर्यादा अजून शिल्लक आहे. मिडीच्या नेहमीच्या नियंत्रण संदेशात मूल्ये ० ते १२७ एवढीच असतात, त्यामुळे बाहेरच्या सिक्वेन्सरने फिल्टर अगदी सावकाश उघडायला लावला तर काही यंत्रांवर पायऱ्या ऐकू येतात. २०२० मध्ये स्वीकारलेल्या मिडी २.० ने ही मूल्ये ३२ बिटांची केली, पण वापरात असलेली बहुसंख्य यंत्रे जुनेच मानक बोलतात. म्हणून संथ आणि सलग बदल हवा असेल तेव्हा तो बाहेरून न पाठवता सॅम्पलरच्या आतल्या एलएफओवर सोपवतात आणि बाहेरून फक्त त्याची खोली, म्हणजे परिणामाचे प्रमाण, कमी-जास्त करतात.