चित्र तेच, कंटेनर नवा: एचडी डिस्कच्या रीमक्समागचा इतिहास

ब्लू-रे डिस्कवरच्या चित्रपटाची एमकेव्ही या प्रकारची व्हिडिओ फाइल बनवायला ताकदवान संगणक लागत नाही. डिस्क वाचायला जेवढा वेळ जाईल तेवढाच, बाकीचं काम त्याच ओघात उरकतं. कारण चित्र उलगडून पुन्हा कॉम्प्रेस केलं जातच नाही. व्हिडिओ, ऑडिओ आणि सबटायटल एका कंटेनरमधून, म्हणजे ते एकत्र बांधून ठेवणाऱ्या फाइलच्या साच्यातून, जसेच्या तसे काढायचे आणि दुसऱ्यात भरायचे, याला रीमक्स म्हणतात. पुस्तकाची जुनी बांधणी उसवून तीच पानं नव्या बांधणीत घालावीत, तसं. री-एन्कोड, म्हणजे पुन्हा कॉम्प्रेस, केलं की मात्र चित्र नव्याने घडतं आणि प्रत्येक फेरीत थोडा तपशील गळतो. तो एकदा गेला की कायमचा गेला.

हे शक्य झालं ते व्हिडिओ-ऑडिओची मानकं ठरवणाऱ्या एमपेग गटाने १९९० च्या दशकाच्या मध्यावर घेतलेल्या एका निर्णयामुळे. चित्र कसं कॉम्प्रेस करायचं आणि ते कसं वाहून न्यायचं, हे एमपेग-२ या मानकात स्वतंत्र भागांत लिहिलं गेलं. वाहतुकीचे प्रकारही दोन ठरले. प्रोग्राम स्ट्रीम हा डिस्कसारख्या भरवशाच्या माध्यमासाठी होता. ट्रान्सपोर्ट स्ट्रीम हा उपग्रह, केबल अशा वाटेत डेटा गहाळ होऊ शकणाऱ्या माध्यमांसाठी. त्यात प्रत्येक पॅकेट १८८ बाइटचं असतं आणि हेक्साडेसिमल ४७ या ठरलेल्या बाइटने सुरू होतं. प्रक्षेपणात खंड पडला तरी रिसीव्हर तो बाइट शोधून पुन्हा सूर पकडतो.

१९९६ साली जपानमध्ये आलेल्या डीव्हीडीने अर्थातच प्रोग्राम स्ट्रीम घेतला. व्हीओबी फाइल म्हणजे तोच. एचडीच्या काळात मात्र वाटा फुटल्या. एचडी डीव्हीडी ही ब्लू-रेची प्रतिस्पर्धी डिस्क जुन्या वाटेवर राहिली आणि तिच्या ईव्हीओ फाइल प्रोग्राम स्ट्रीमवरच उभ्या राहिल्या. ब्लू-रेने डिस्क असूनही ट्रान्सपोर्ट स्ट्रीम निवडला. वरवर हे उलटं वाटतं. पण सोनीने २००३ साली जपानमध्ये आणलेलं पहिलं ब्लू-रे यंत्र प्लेयर नव्हतं, रेकॉर्डर होतं. डिजिटल प्रक्षेपण आलं तसं डिस्कवर उतरवून घ्यायचं असेल, तर प्रक्षेपणाचाच साचा ठेवणं सोयीचं.

या साच्यात ब्लू-रेने एक छोटी भर घातली. प्रत्येक १८८ बाइटच्या पॅकेटपुढे आणखी ४ बाइट जोडले आणि त्यांत ते पॅकेट कधी पोचलं याची वेळ २७ मेगाहर्ट्झच्या घड्याळाने नोंदवली. पॅकेट झालं १९२ बाइटचं. अशी ३२ पॅकेटं म्हणजे ६१४४ बाइट, म्हणजे डिस्कचे २०४८ बाइटचे बरोबर तीन सेक्टर. एमटूटीएस फाइल ती हीच. डिस्क फिरवणाऱ्या यंत्रासाठी ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे, पण हार्ड डिस्कवर तिचा उपयोग जवळपास शून्य. दर १९२ बाइटमागे किमान ८ बाइट निव्वळ व्यवस्थापनाचे असतात, म्हणजे चार टक्क्यांहून थोडे अधिक. ३० जीबीच्या फाइलमध्ये हा भाग सव्वा जीबीच्या घरात जातो. रीमक्स केलेली एमकेव्ही मूळ फाइलपेक्षा लहान दिसते म्हणून दर्जा घसरला असा संशय अजूनही घेतला जातो, तो निराधार आहे.

२००६ मध्ये दोन्ही डिस्क बाजारात उतरल्या. एमपेग-२, एच.२६४ आणि व्हीसी-१ हे तिन्ही व्हिडिओ कोडेक, म्हणजे कॉम्प्रेस करण्याच्या पद्धती, दोघींनाही मान्य होते. फरक होता तो कंटेनरचा, डिस्कच्या क्षमतेचा आणि मेन्यूचा. जानेवारी २००८ मध्ये चित्रपट कंपनी वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीच्या बाजूच्या तोशिबाने एचडी डीव्हीडी थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्याकडे त्या डिस्क होत्या त्यांच्यासमोर खरा प्रश्न उभा राहिला, कारण नवे प्लेयर येणं बंद झालं होतं. ईव्हीओमधला व्हिडिओ काढून ब्लू-रेच्या साच्यात किंवा एमकेव्हीत ठेवणं ही तेव्हा हौस नव्हती, गरज होती. माझ्या मते रीमक्सला गांभीर्य आलं ते इथे.

भरायचं कशात, याचं उत्तर सुदैवाने आधीच तयार होतं. मायक्रोसॉफ्टचा एव्हीआय हा कंटेनर १९९२ चा. पुढच्या फ्रेमवर अवलंबून असणाऱ्या बी-फ्रेमचा विचार त्यात नव्हता. एमपीफोर भक्कम होता, पण ब्लू-रेच्या चित्ररूप पीजीएस सबटायटलना त्यात जागा नव्हती. डिसेंबर २००२ मध्ये एमसीएफ नावाच्या प्रकल्पातून फुटून मॅट्रोस्का हा कंटेनर सुरू झाला; एमकेव्ही ही त्याचीच फाइल. त्याचा पाया असा की ओळखीचा नसलेला घटक वाचणाऱ्याने सरळ ओलांडून पुढे जावं. म्हणून पुढे आलेले ऑडिओ आणि सबटायटलचे प्रकार त्यात जुनं काही न मोडता सामावत गेले. मोरित्स बुंकुस यांचं एमकेव्हीटूलनिक्स, ईव्हीओ आणि एमटूटीएस दोन्ही सोडवणारं ईएसीथ्रीटू, उलट दिशेने ब्लू-रेची रचना पुन्हा उभी करणारं टीएसमक्सर, डिस्कवरून थेट एमकेव्ही देणारं मेकएमकेव्ही आणि एफएफएमपेगचा कॉपी पर्याय या साधनांवर हे काम वाढलं. मॅट्रोस्काला ऑक्टोबर २०२४ मध्ये आरएफसी ९५५९ या इंटरनेट मानकांच्या मालिकेतल्या दस्तऐवजाने मानकाचा दर्जाही मिळाला.

एक अडसर कायद्याचा आहे. विकत मिळणाऱ्या बहुतेक ब्लू-रेंवर एएसीएस हे कूटबद्ध कुलूप असतं आणि ते निघाल्याशिवाय रीमक्स होत नाही. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने असं कुलूप तोडण्यावर बंदी आहे, मग डिस्क स्वतःची का असेना. सवलती मर्यादित आहेत आणि दर तीन वर्षांनी ठरतात. स्वतःच्या कॅमेऱ्याच्या एव्हीसीएचडी चित्रणाला हा प्रश्न येत नाही, आणि त्याचा साचाही जवळपास ब्लू-रेचाच आहे.

नुसतं उचलून ठेवणं इतकं सोपं मात्र नाही. एमटूटीएसमध्ये एच.२६४ चा प्रत्येक तुकडा ००-००-०१ या खुणेने सुरू होतो, तर एमकेव्हीत आणि एमपीफोरमध्ये त्या जागी तुकड्याची लांबी लिहिलेली असते. चित्राचा आशय तोच, पण ही अदलाबदल चुकली तर प्लेयरला काहीच वाचता येत नाही.

वेळेचं गणित आणखी नाजूक. सेकंदाला २३.९७६ फ्रेम या वेगातली एक फ्रेम म्हणजे २७ मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे नेमके ११,२६,१२५ ठोके. एमकेव्ही नेहमीच्या वापरात मिलिसेकंदांत मोजतं, त्यामुळे ४१.७०८ मिलिसेकंदांची फ्रेम ४२, ८३, १२५, १६७ अशा गोळाबेरजेत बसवावी लागते. ही चूक साचत नाही, कारण प्रत्येक वेळ मूळ आकड्यावरून नव्याने काढली जाते.

साचते ती दुसरीच चूक. ब्लू-रेवर चित्रपट कधी कधी अनेक एमटूटीएस फाइलींत तुटलेला असतो, भाषेनुसार किंवा आवृत्तीनुसार वेगळे तुकडे दाखवता यावेत म्हणून. त्यांचा क्रम एमपीएलएस प्लेलिस्टमध्ये असतो. डॉल्बी डिजिटलची ऑडिओ फ्रेम ३२ मिलिसेकंदांची, व्हिडिओची ४१.७०८ ची. त्यामुळे तुकडा संपतो तिथे दोघांची टोकं जुळत नाहीत आणि ऑडिओ थोडा जास्तीचा उरतो. डिस्क प्लेयर सांधा ओलांडताना हे सांभाळून घेतो. फाइली नुसत्या एकापुढे एक चिकटवल्या तर तो जास्तीचा ऑडिओ प्रत्येक सांध्याला भर घालतो आणि चित्रपटाच्या शेवटाकडे ओठ आणि शब्द उघड उघड वेगळे पडतात. म्हणून रीमक्सची सुरुवात प्लेलिस्टपासून करावी, सर्वांत मोठ्या फाइलपासून नव्हे.

२०१६ मध्ये आलेल्या यूएचडी ब्लू-रेने एच.२६५ हा कोडेक आणला आणि त्याबरोबर नवा पेच. यातल्या काही डिस्कवर डॉल्बी व्हिजन या उजेड आणि रंग खुलवणाऱ्या तंत्राचा मूळ थर आणि पूरक थर दोन वेगळ्या व्हिडिओ स्ट्रीममध्ये असतात. एमकेव्हीत ते एकाच ट्रॅकमध्ये गुंफले जातात. बरेच प्लेयर पूरक थर वाचतच नाहीत, आणि तो टाकून दिलेल्या फाइलमधून तो परत मिळवता येत नाही. अशा डिस्कचा रीमक्स करताना दोन्ही थर राखणारंच साधन वापरावं, आणि जागा असेल तर डिस्कवरचा मूळ बीडीएमव्ही फोल्डरही ठेवावा.