लाल मातीत राहून लोहासाठी उपाशी : लोंबत्या पेटुनियाची गोष्ट

मागच्या डिसेंबरात माझ्या बाल्कनीतल्या हँगिंग बास्केटमधली पेटुनिया पिवळी पडायला लागली. सगळी नाही हं, खालची जुनी पानं मस्त हिरवीगार आणि शेंड्याकडची नवीन पानंच लिंबासारखी पिवळी, त्यातही पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, म्हणजे हिरव्या दोऱ्याची जाळी पिवळ्या कापडावर टाकल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं भूक लागली असेल, म्हणून गांडूळखत दिलं. आठवड्याने अजून पिवळी. मग कोणीतरी सांगितलं अंड्याची टरफलं वाटून घाल, तीही घातली, थोडी राखही घातली, आणि झाड पार फिकटलं. आता कळतंय की मी प्रेमाने जे जे घालत होते ते सगळं त्या झाडाच्या विरोधात जात होतं.

झाडाला कमी पडत होतं लोह. आणि गंमत बघा, कुंडीत नर्सरीवाल्याची लाल माती होती आणि माती लाल असते तीच मुळी लोहाच्या ऑक्साइडमुळे, म्हणजे साध्या भाषेत गंजामुळे. लोहाच्या ढिगात मुळं पसरलेली आणि तरी झाड उपाशी! हे समजून घेतलं की पेटुनियाची निम्मी काळजी समजली असं मी म्हणेन.

झाडाची मुळं लोह खातात ते पाण्यात विरघळलेलं, मातीचा कण काही चावून खाता येत नाही. आणि लोह किती विरघळणार हे ठरतं पीएचवर, म्हणजे माती किती आंबट किंवा किती खारी (अल्कधर्मी) आहे त्यावर, अंक जितका मोठा तितकी माती खारी. पीएच एक अंकाने वाढला, समजा ६ चा ७ झाला, की मातीतल्या लोहाची विरघळण्याची क्षमता साधारण हजार पटीने खाली येते. दुप्पट-तिप्पट नाही, हजार पट. आता सगळ्याच झाडांना याचा एवढा त्रास होत नाही. गवताच्या जातीतली झाडं, म्हणजे मका-ज्वारी वगैरे, मुळांतून एक खास पदार्थ सोडतात जो लोहाला धरून आत आणतो. पेटुनियाची पद्धत वेगळी, ती मुळांतून आम्ल सोडून आजूबाजूची माती आंबट करते आणि मग लोह ओढते, आणि या कामात ती तशी कच्चीच आहे. म्हणून तिला माती ५.५ ते ६ पीएचच्या आसपास लागते, शेजारच्या कुंडीतला झेंडू ज्यात आरामात वाढतो त्यात ही पिवळी पडते.

मग माझ्या कुंडीचा पीएच वाढवला कोणी? पाण्याने. आमच्या सोसायटीत उन्हाळा-हिवाळा बोअरचं पाणी असतं, पुण्याच्या बऱ्याच भागात हीच कथा आहे, काळ्या बेसाल्ट खडकातून आलेलं जड पाणी, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तेच हे. रोज पाणी घालताना आपण नकळत कुंडीत चिमूटभर चुना टाकत असतो. हे बायकार्बोनेट मुळांनी सोडलेल्या आम्लालाच खाऊन टाकतं आणि छोट्या कुंडीत माती कमी असल्यामुळे तीन-चार आठवड्यांत पीएच सरकत सरकत वर जातो. त्यात माझी आणखी एक सवय होती, आरओ फिल्टरमधून जे पाणी वाया जातं ते बादलीत साठवून झाडांना घालायचं. पाणी वाचवायचा विचार चांगलाच आहे पण फिल्टर गोड पाणी आपल्याला देतो आणि सगळे क्षार त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात गोळा होतात, म्हणजे ते बोअरपेक्षाही जड. ते फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा, पेटुनियाला नको. आणि अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, राख पण खारीच, दोन्ही पीएच वरच ढकलणार.

पानं वाचायला शिकलात तर चूक लवकर लक्षात येते. लोह एकदा पानात बसलं की झाड ते तिथून सहज काढून दुसरीकडे नेऊ शकत नाही म्हणून कमतरता नवीन पानांवर दिसते. नायट्रोजन मात्र झाड जुन्या पानातून काढून शेंड्याला पाठवतं, त्यामुळे खालची पानं अख्खी पिवळी पडत असतील तर ती खरी भूक, तिथे खत द्या. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या असतील तर खत वाढवू नका, पाणी आणि पीएच बघा. हा एक फरक लक्षात ठेवला असता तर माझं अख्खं बास्केट महिनाभर तसं पडून राहिलं नसतं.

उपाय काय केला ते सांगते. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या आणल्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतात. पाच लिटर बोअरच्या पाण्यात साधारण पाव चमचा सायट्रिक अॅसिड म्हणजे लिंबूसत्त्व घातलं, पट्टीवर ६ च्या जवळ आलं की ते पाणी वापरायचं. तुमचं पाणी वेगळं असेल तर प्रमाण वेगळं निघेल, थोडं थोडं घालूनच बघा. आणि लोह लगेच मिळावं म्हणून शेतीच्या दुकानातून चिलेटेड लोह आणलं, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या एका पदार्थाने धरून ठेवलेलं लोह. त्यात दोन प्रकार मिळतात, ईडीटीए आणि ईडीडीएचए. ईडीटीए वालं स्वस्त पण पीएच ६.५ च्या वर गेला की त्याची पकड सुटते, ईडीडीएचए वालं खाऱ्या मातीतही लोह धरून ठेवतं, पाण्यात टाकलं की लालभडक रंग येतो तेच. लिटरला चिमूटभर, अर्ध्या ग्रॅमच्याही आत, मातीत ओतायचं आणि पानांवर उडालं तर साध्या पाण्याने धुवायचं, डाग पडतात. जुन्या लोकांचं हिराकस पण चालतं, ते फेरस सल्फेटच, पण खाऱ्या पाण्यात ते बघता बघता गंजतं आणि झाडाला मिळत नाही, म्हणून लिंबूसत्त्व घातलेल्या पाण्यातच विरघळवा. मला दहा-बारा दिवसांत नवीन शेंडे हिरवे दिसले. आधीची पिवळी पानं काही धड सुधारली नाहीत, ती मी सरळ खुडली.

आता बाकीची काळजी, ती त्या मानाने सोपी आहे. आपल्याकडे पेटुनिया थंडीची. बी गणपतीनंतर ते दसऱ्याच्या आसपास पेरायचं, बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये नऊ-दहा हजार दाणे, त्यावर माती झाकायची नाही कारण उगवायला त्याला उजेड लागतो, ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरायचं आणि वरून पाणी ओतण्याऐवजी स्प्रे करायचा. उन्हाला कंजुषी नको, पाच-सहा तास थेट ऊन पाहिजेच. लोंबत्या जातींचं बी मागवणार असाल तर एक गोष्ट बघून घ्या. जपानच्या किरिन या बिअर कंपनीने तयार केलेली आणि १९९५ मध्ये अमेरिकेत आलेली पर्पल वेव्ह ही बियांपासून पसरणारी गाजलेली जात (त्याआधीची सर्फिनियासुद्धा सनटोरी या व्हिस्कीवाल्या कंपनीचीच, मला हे वाचून फार भारी वाटलं होतं), पण तिला भरभर फुलायला दिवस मोठा लागतो. पुण्यात डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा, त्यामुळे ती नुसती पसरत बसते आणि आपण फुलांची वाट बघत बसतो. इझी वेव्हसारख्या नंतरच्या जाती लहान दिवसातही फुलतात, आपल्याकडे त्याच बऱ्या.

शेंडा खुडायला हात धजत नाही, माहितीये मला. पण रोप चार-पाच इंचाचं झालं की शेंडा खुडाच. शेंड्यातून ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली वाहत असतं आणि ते बगलेतल्या डोळ्यांना झोपवून ठेवतं, शेंडा गेला की ते डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या चार होतात. मुळांकडून वर जाणारं स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं दुसरं संप्रेरक पण फांद्या आवरतं, आणि ते कसं काम करतं हे कळण्यात पेटुनियाच्याच काही झुडपासारख्या फुटणाऱ्या रोपांचा मोठा वाटा आहे, शास्त्रज्ञांचं हे लाडकं झाड. बास्केट मधेच टकलं आणि खाली दोनच लांब दोऱ्या लोंबतायत असं झालं असेल तर एकदम सगळं कापू नका, दर आठवड्याला दोन-तीन फांद्या अर्ध्यावर कापा, फुलं चालू राहतात आणि मधला भाग पण भरतो. वाळलेलं फूल काढताना नुसत्या पाकळ्या ओढू नका, खाली जी हिरवी बोंडी असते त्यात बी धरतं, ती बोंडीसकट देठाजवळ खुडा. बोटं चिकट होतात, त्या बारीक केसांतला चिकटपणा म्हणजे छोट्या किड्यांपासूनचं संरक्षण आहे.

पाणी सकाळी, मातीत, फुलांवर नाही. बास्केट खालून हाताने उचलून बघायची, हलकी लागली की पाणी. खत दर आठवड्याला एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, पाणी दिल्यानंतर, कोरड्या मातीत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. मावा किडीसाठी तंबाखू भिजवून ते पाणी मारायचा घरगुती उपाय पेटुनियावर करू नका. पेटुनिया हे नावच मुळी ब्राझीलकडच्या तंबाखूच्या जुन्या नावावरून, ‘पेटुन’ वरून आलंय, दोघी एकाच कुळातल्या, टोमॅटो-वांगी-मिरची पण त्यातलीच. तंबाखूवरचा मोझेक व्हायरस वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतो आणि पेटुनियाला अगदी सहज लागतो, पानं चितकबरी होतात, वाकडी होतात आणि त्यावर औषध नाही. माळीकाका तंबाखू मळून लगेच रोपांना हात लावत असतील तर आधी साबणाने हात धुवायला सांगा. माव्याला कडुनिंबाचं तेल पुरतं, तेही संध्याकाळी.

मार्चमध्ये ऊन तापलं की एकदा निम्मी छाटून खत द्या, एप्रिलमध्ये अजून एक बहर बहुतेक येतो. मे महिन्यात ती जातेच, तिला धरून ठेवायचा आटापिटा करू नका. ती माती फेकायची गरज नाही, पण त्यात लगेच टोमॅटो किंवा मिरची लावू नका, पावसाळ्यात तेरडा किंवा झेंडू लावा आणि कुंडी पावसात उघडी ठेवा, बोअरने साठवलेले क्षार पावसाचं मऊ पाणी बऱ्यापैकी धुऊन नेतं.