व्हॅटिकन सिटी वेगळं, होली सी वेगळं

पोप दौऱ्यावर निघाले की वर्तमानपत्रांत ठरलेलं वाक्य येतं: 'जगातल्या सर्वांत छोट्या देशाचे प्रमुख'. वाक्य खोटं नाही, पण बिनकामाचं आहे. ४४ हेक्टरच्या धन्यासाठी कुठला पंतप्रधान ताटकळत उभा राहील?

व्हॅटिकन सिटी सगळ्यांना ठाऊक आहे. तटबंदी, सेंट पीटर्स, स्वतःची टपाल तिकिटं, युरोची नाणी. त्यात कुणाचा घोळ होत नाही.

घोळ होतो तो होली सीचा, म्हणजे पोपपीठाचा. रोमच्या बिशपचं पद आणि त्या पदाचा मध्यवर्ती कारभार, एवढंच ते. जमिनीचा तुकडा नसला तरी आंतरराष्ट्रीय कायद्यात त्याला स्वतःचं स्थान आहे. करार तेच करतं, राजदूत तेच पाठवतं. देश आहे म्हणून पोपना राजदूत मिळतात, असं लोक धरून चालतात. खरा क्रम नेमका उलटा आहे, आणि हे सिद्ध करायला तर्क लढवावा लागत नाही. तारखा पुरतात.

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या फौजा पोर्ता पिआजवळचा तट फोडून रोममध्ये शिरल्या आणि पोपचं राज्य संपलं. पोप नववे पायस व्हॅटिकनच्या आवारात स्वतःला कैदी म्हणवत बसले. पुढची ५८ वर्षं पोपच्या नावावर कुठलाही देश नव्हता. तरीही परदेशी राजदूत पोपपीठाकडे येत राहिले. १८८५ मध्ये कॅरोलाइन बेटांवरून स्पेन आणि जर्मनीचं बिनसलं, तेव्हा मध्यस्थ म्हणून जर्मन चान्सलर बिस्मार्कनं पोप तेराव्या लिओंना गाठलं. कॅथलिक चर्चशी वर्षानुवर्षं उभा दावा मांडलेला हाच तो बिस्मार्क! बेटं स्पेनची ठरली, व्यापाराच्या सवलती जर्मनीला मिळाल्या.

आपल्या किनाऱ्याचं उदाहरण तर याहून ठसठशीत. भारतातल्या चर्चवर, म्हणजे तिथल्या बिशपांच्या नेमणुकांवर, पोर्तुगालच्या राजाचा जुना हक्क होता, पाद्रोआदो. त्याची नवी वाटणी १८८६ मध्ये पोपपीठ आणि पोर्तुगाल यांच्यातल्या करारानं झाली. १९२८ मध्ये आणखी एक करार झाला: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनं पोर्तुगीज आणि ब्रिटिश असेल. सही झाली तेव्हा व्हॅटिकन सिटी नावाचा देश जन्मालाही आला नव्हता.

तो आला ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन करारातून. एका बाजूनं मुसोलिनीची सही, दुसऱ्या बाजूनं अकराव्या पायस यांच्या वतीनं कार्डिनल गास्पारी यांची. म्हणजे देश जन्माला घालणाऱ्या दोन पक्षांपैकी एक पोपपीठच होतं. पोपपीठाला कुणाच्या राज्यात भाडेकरू म्हणून राहावं लागू नये, एवढ्यासाठी ही जागा. देश पीठासाठी आहे, पीठ देशासाठी नव्हे.

(सेंट पीटर्स हे पोपचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपच्या पदाचं मुख्य चर्च, हाही एक हट्टी गैरसमज. त्यांचं कॅथेड्रल सेंट जॉन लॅटरन. ते व्हॅटिकनच्या हद्दीत नाही, रोम शहरात आहे.)

'व्हॅटिकननं निषेध केला' असं मथळ्यात लिहायला माझी हरकत नाही, जागा वाचते. पण करार, राजदूत किंवा संयुक्त राष्ट्रं आली की होली सी लिहावं. १९६४ पासून तिथे कायम निरीक्षकाची खुर्ची आहे ती होली सीची. जागतिक टपाल संघात मात्र सदस्य आहे व्हॅटिकन सिटी, कारण पत्रं वाटायला पत्ता लागतो. आणि पोपपीठाकडे नेमलेल्या इटलीच्या राजदूताचं कार्यालय रोममध्येच आहे, म्हणजे इटलीचा दूतावास खुद्द इटलीत.