कोऑर्डिनेटर कोणाची, प्लॅनर कोणाचा?

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीचं लग्न डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातल्या पुंता कानाला ठरलं, तेव्हा घरचे निर्धास्त होते. रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये वेडिंग कोऑर्डिनेटर फुकट होती, मग पैसे मोजून वेगळा प्लॅनर कशाला? लग्नाला सहा आठवडे उरले असताना बहिणीने कोऑर्डिनेटरला होमाचं विचारलं. उत्तर आलं: उघड्यावर आग पेटवायला परवानगी लागेल, बाकीचं डेकोरेटरशी तुम्हीच बोलून घ्या.

त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. घोळ आमच्या डोक्यात होता.

आपल्याकडचा मंगल कार्यालयाचा मॅनेजर आठवा. हॉल, वीज, पंगती आणि ठरल्या वेळी हॉल रिकामा होणं, एवढं त्याचं काम. भटजी अडकले किंवा फुलवाला उगवलाच नाही, तर त्याला त्याचं सोयरसुतक नसतं. तिथे मुलीचा मामाच धावतो. कोऑर्डिनेटर म्हणजे तो मॅनेजर. तिचा पगार रिसॉर्ट देतं, एकाच दिवशी तिच्या वाट्याला दोन-तीन लग्नंही येतात, आणि ती खरं लक्ष घालते ते शेवटच्या काही आठवड्यांत. प्लॅनर म्हणजे पैसे देऊन आणलेला मामा.

फरक पहिल्यांदा जाणवतो तो जागा निवडताना, म्हणजे कोऑर्डिनेटरचं नावही कळायच्या आधी. कॅरिबियनमध्ये वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. सप्टेंबर सगळ्यात वाईट, पण ऑक्टोबरही सुरक्षित नाही: 28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा वादळाने जमैकाच्या पश्चिम भागाची दैना केली. अरुबा, कुरासाव ही बेटं बरीच दक्षिणेला असल्याने वादळांच्या वाटेत क्वचितच येतात. दुसरी कटकट सार्गॅसम या तपकिरी समुद्री शेवाळाची. 2011 पासून ते वसंत-उन्हाळ्यात ढिगांनी किनाऱ्याला लागतं आणि कुजलं की घाण वास मारतं. पूर्वेकडे तोंड असलेल्या पुंता कानासारख्या किनाऱ्यांना त्याचा त्रास जास्त. ब्रोशरमधल्या फोटोत ते अर्थातच नसतं. ‘जुलैत इथे नको, त्या बेटावर जा’ हे रिसॉर्टची माणसं कशाला सांगतील? प्लॅनर सांगू शकतो.

मग व्हेंडर. फोटोग्राफर, डीजे, फुलं यांची रिसॉर्टची ठरलेली यादी असते. बाहेरचा माणूस आणायचा तर वेगळी फी, डे पास, कुठे कुठे त्याच्या नावाने दोन-तीन रात्रींची खोलीही घ्यावी लागते. ॲडव्हान्स भरण्याआधी हे लेखी मागून घ्या, नंतर घासाघीस करायला हातात काही उरत नाही. प्लॅनरही काही साधुसंत नसतो. व्हेंडरकडून कमिशन घेतोस का, आणि याच रिसॉर्टमध्ये आधी लग्न लावलंयस का, हे दोन प्रश्न त्याला तोंडावर विचारावेत. फक्त इन्स्टाग्रामवर पुंता काना पाहिलेला प्लॅनर कोऑर्डिनेटरपेक्षा वाईट.

पंचवीस माणसं, वाळूत हार घालणं आणि रात्रीचं जेवण, एवढाच बेत असेल तर मात्र कोऑर्डिनेटर पुरते. कायदेशीर नोंदणीचंही तसंच. जमैकात पोचून 24 तास झाले की लग्न करता येतं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कागदपत्रांची स्पॅनिश भाषांतरं लागतात, म्हणून बरीच जोडपी नोंदणी अमेरिकेतच उरकून येतात. भाचीनेही तेच केलं.

पण गौरीहर, होम, सप्तपदी, शिवाय अमेरिकेतून विमानाने आणलेले भटजी असा पसारा असेल, तर मामा हवाच. आम्ही तो उशिरा आणला आणि त्याची किंमतही मोजली. त्याने होमकुंडाला तीन बाजूंनी काचेचा आडोसा करून परवानगी मिळवली. रिसॉर्टने सूर्यास्ताआधीची, संध्याकाळी 5 ची वेळ दिली होती. फोटोला झकास, पण तेव्हा पुण्यात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. त्याने भांडून सकाळी 10 ची वेळ घेतली. आईने पुण्यात संध्याकाळी साडेसातला देवापाशी दिवा लावला, टीव्हीसमोर बसली आणि पडद्यावरच अक्षता टाकल्या.